'जा' म्हणणाऱ्याचं नाव

अण्णांना कोडमध्ये 'डाय' हा शब्द खपत नसे. पीएचपी ही वेब पानांची भाषा शिकवणारं कुठलंही पुस्तक उघडा, वेब पानाच्या स्क्रिप्टला डेटाबेस सर्व्हरशी जोडणारी ओळ त्यात असतेच, आणि त्या ओळीच्या शेपटाला लिहिलेलं असतं: जोडणी झाली नाही तर डाय. म्हणजे मरा. सगळं जग हे लिहितं आणि जेवायला जातं. अण्णांना मात्र ते बघून कसंतरी व्हायचं. मी त्यांना समजावलं होतं की हा शब्द पान उघडणाऱ्या माणसाला दिसतच नाही, त्याला फक्त पुढचा निरोप दिसतो.

"आपल्याला तर दिसतो ना," अण्णा म्हणाले. "लोकं भरवशानं आपलं पान उघडू राहिले अन् आपण आतून मरा म्हणू राहिलो. जमायचं नाय."

मग त्यांनी स्वतःचं एक फंक्शन लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'थांबा'. सर्व्हर सापडला नाही की पडद्यावर यायचं, "राम राम. सर्व्हर जागेवर नाय. दहा मिनिटांनी परत या." एकदा फर्दापूरकडच्या एका मेंढपाळाने फोन करून विचारलं, दहा मिनिटं झाली, आता येऊ का? अण्णांनी त्याला अजून पाच मिनिटं बसायला सांगितलं आणि तेवढ्यात खरंच सर्व्हर चालू करून दिला.

आमचं ऑफिस मुकुंदवाडी स्टेशनजवळ, एका पिठाच्या गिरणीच्या वर, दोन खोल्यांत. संस्था छोटी. मेंढ्या-शेळ्यांना लस टोचायची आणि त्याची नोंद ठेवायची, एवढंच काम. कळप कुणाचा, जनावरं किती, सध्या कुठल्या रानात उतरलाय, पहिली लस कधी झाली, दुसरी कधी द्यायची, हे सगळं डेटाबेसमध्ये असायचं आणि लस टोचणारी माणसं आणि काही मेंढपाळ ते मोबाइलवर उघडून बघायचे. संस्था चालवायचे एक निवृत्त पशुवैद्य, त्यांना आम्ही डॉक्टरसाहेब म्हणायचो. डेटाबेस चालवायचे अण्णा. खालची गिरणी चालू झाली की टेबलं थरथरायची आणि संध्याकाळपर्यंत कीबोर्डवर पांढरा थर बसायचा. अण्णा रोज सहा वाजता तो फुंकून काढायचे.

ते पन्नाशीचे असतील. घरच्या मेंढ्या होत्या, सोळा वर्षांचे होईपर्यंत तेही मेंढ्यांमागे हिंडलेले. मग शहरात आले, ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या दुकानात बसले, आणि लोकांचे फॉर्म भरता भरता हा फॉर्म जातो कुठे याचा त्यांना छंद लागला. तो छंद त्यांना पार डेटाबेसपर्यंत घेऊन आला. पदवी नाही, सर्टिफिकेट नाही. खुर्चीवर घोंगडीची घडी घालून बसायचे, ती मे महिन्यातही निघायची नाही. मी विचारलं तर म्हणाले, "खुर्ची चावते मला."

मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसले ती नोकरी मागायला. पाचोडच्या अलीकडचं आमचं गाव, घरची शेती, आणि मी नुकतीच कॉम्प्युटरची बीएस्सी होऊन आलेले, म्हणजे अंगात शहाणपण मावत नव्हतं. अण्णांनी कॉम्प्युटर दाखवलाच नाही. वही पुढे सरकवली आणि म्हणाले, वेब पानाला डेटाबेसला जोडून दाखव. मी झरझर लिहिलं. सर्व्हर लोकलहोस्ट, म्हणजे हाच कॉम्प्युटर, युजर रूट, पासवर्ड रिकामा. कॉलेजात तीन वर्षं आम्ही हेच लिहिलं होतं आणि याच्यावर पैकीच्या पैकी मार्क घेतले होते.

अण्णांनी ओळीवर बोट ठेवलं. "हा रूट कोण?"

"सर, तो मुख्य युजर असतो. त्याला सगळे अधिकार असतात."

"तुझा कोण लागतो?"

"कुणी नाही."

"मग त्याच्या नावानं कामून जाती? तुला नाव ठिवलं नाय का घरच्यांनी? अन् पासवर्ड कुठाय?"

"तो रिकामाच असतो, सर."

"सर नको म्हणू. दहावीला दोनदा बसेल माणूस हाय मी. अण्णा म्हण."

मग त्यांनी वही स्वतःकडे ओढली आणि मला जोडणी शिकवली. परक्या माणसाच्या कळपाकडे गेलं की आधी कुत्री अंगावर येतात. मग राखणारा विचारतो. कुठल्या रानात आलायस याचं भान आहे का, तू कोण, तू तोच कशावरून, आणि कुणाच्या मेंढ्या बघायच्यात. चार प्रश्न. चारही उत्तरं बरोबर आली तर तो कुत्र्यांना गप करतो. अण्णांनी चार उत्तरं एकाखाली एक लिहिली: सर्व्हर, युजर, पासवर्ड, डेटाबेस. "एक जरी चुकलं तर मागं फिरायचं. वाद घालायचा नाय." तीन वर्षं जे मी पाठ केलं होतं ते मला त्या पंधरा मिनिटांत कळलं, आणि मला इतका राग आला कॉलेजचा की काय सांगू.

नोकरी मिळाली. सहा महिने कच्ची, मग काम बघून पक्की. वडील फोनवर म्हणाले, "सहा महिन्यांत पक्कं झालं तर ठीक. नाहीतर गावाकडं ये, मग पुढचं आम्ही बघू." पुढचं म्हणजे काय हे सांगायची गरज नव्हती. दोन स्थळं आधीच सांगून आली होती. मला मुकुंदवाडीतली ती थरथरणारी खोली हवी होती, आणि ती मिळवायला मी काहीही करायला तयार होते. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याच्या मुळाशी हेच आहे.

अण्णांच्या राज्यात प्रत्येकाला आपापला युजर होता. रूटचं दार त्यांनी बंद करून टाकलं होतं. सर्व्हरवर कोण कधी आलं आणि काय करून गेलं याची आपोआप नोंद व्हायची, तिला ते रोजनामा म्हणायचे. कुणी पासवर्ड टाइप करायला लागलं की अण्णा खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करायचे. टाइप करून झालं तरी बसलेलेच. "झालं, अण्णा" असं सांगितल्याशिवाय वळायचे नाहीत. एकदा मी मुद्दाम काही बोलले नाही. सात-आठ मिनिटं अण्णा भिंतीकडे बघत त्या दिवशीच्या भाजीच्या भावावर बोलत राहिले.

डेटाबेस दोन होते, एक खरा आणि एक सरावाचा. बाकी जगात त्यांना लाइव्ह आणि टेस्ट म्हणतात. अण्णांनी खऱ्याला नाव दिलं होतं पाचोड आणि सरावाच्याला फर्दापूर. कारण विचारलं तर म्हणाले, "पाचोडला बाजार भरतो. तिथं जनावर खरं, गिऱ्हाईक खरं. फर्दापूरला माणूस अजिंठ्याच्या लेण्या बघायला येतो, चहा पितो अन् जातो. तिथं काही बी कर." फर्दापूरच्या एखाद्या टॅक्सीवाल्याला हे कळलं असतं तर त्याने अण्णांना चार शब्द सुनावले असते, पण नावं पक्की बसली. आम्ही फोनवर सर्रास बोलायचो, "ते पाचोडमध्ये टाकू नका, आधी फर्दापूरला चालवून बघा," आणि बसमध्ये शेजारी बसलेली माणसं आमच्याकडे बघत राहायची.

आता त्यांची हाक द्यायची रीत. कळप मोठ्या रस्त्यावरून पलीकडे न्यायचा असला की एक जण आधी रस्त्यात जाऊन उभा राहतो. मागचा हाक देतो. पुढचा दोन्हीकडे बघतो, गाडी नसेल तर ओरडतो, "जा!" मगच मेंढ्या सुटतात. अण्णांनी हे जसंच्या तसं ऑफिसात आणलं होतं. डेटाबेसमधलं काही पुसायचं किंवा बदलायचं असलं की बटण दाबण्याआधी त्या डेटाबेसचं नाव मोठ्याने हाकारायचं. दुसऱ्याने आपल्या जागेवरून उठायचं, हाकारणाऱ्याच्या पडद्यासमोर येऊन उभं राहायचं, ओळ वाचायची, आणि "जा" म्हणायचं. मगच बटण.

पहिला महिनाभर मी हे हसू दाबून केलं. दुसऱ्या महिन्यात ते अंगवळणी पडलं. आणि अंगवळणी पडलं तसं उठणं बंद झालं. खाली गिरणी घरघरतेय, आपलं काम अर्धवट आहे, अण्णा हाकारतायत "फर्दापूर!", तर कोण उठतंय? जागेवरूनच म्हणायचं, "जा, अण्णा." अण्णांनीही कधी टोकलं नाही. मी हाकारलं की तेही कधीकधी बसूनच म्हणायचे. हाक राहिली, रस्त्यात उभं राहणारं माणूस राहिलं नाही.

तिसऱ्या महिन्यात माझ्या हातून पहिली चूक झाली. मी एक पान लिहिलं, सगळ्या कळपांची यादी दाखवणारं. त्यात प्रत्येक कळपासाठी मी सर्व्हरशी नवी जोडणी उघडत होते आणि एकही बंद करत नव्हते. पाच माणसांनी ते पान एकदम उघडलं आणि सर्व्हरने सगळ्यांनाच आत घ्यायचं नाकारलं. सकाळभर कुणालाच काही दिसेना. गंगापूरकडे गेलेली लसवाली मंडळी रस्त्याच्या कडेला चहा पीत बसून राहिली.

अण्णा माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "दर मेंढीमागं एक फाटक उघडती व्हय गं? अन् लावायचं कुणी?" फाटक हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेले तरी ते निघताना फाटक दोनदा लावून बघायचे. डॉक्टरसाहेबांच्या मुलीच्या लग्नात कार्यालयाचं मोठं फाटक ते सारखं लावत होते आणि पाहुणे बाहेर ताटकळत होते, असं डॉक्टरसाहेब स्वतः सांगायचे.

पण त्या दिवशी डॉक्टरसाहेबांना हसू नव्हतं. त्यांनी मला आत बोलावलं. "हे बघ, तुझ्या वयाच्या पोरींना मी चुका माफ करतो. एक. दुसऱ्यांदा असं झालं तर तुझी वाट तुला मोकळी." मी हो म्हणाले. बाहेर येऊन पाणी प्यायले. ते वाक्य माझ्या मनातून एक दिवसही गेलं नाही.

पाचव्या महिन्यातल्या एका बुधवारची गोष्ट. शनिवारी लसवाली मंडळी दुसऱ्या लसीला निघणार होती. मेंढपाळ एका जागी थांबत नाहीत. रान संपलं की पुढे सरकतात. यादी हातात असली तर पाचोडच्या अल्याड-पल्याड कोण कुठे उतरलाय ते कळतं, नाहीतर माणूस नुसता शिवारं पालथी घालत फिरतो आणि तोवर दुसऱ्या लसीचे दिवस टळून जातात. त्यामुळे डॉक्टरसाहेबांनी दुपारी अण्णांकडून खऱ्या यादीतले आकडे बघून घेतले. ते दाखवायला अण्णांनी आपल्या जोडणीच्या फाइलमधला चौथा शब्द बदलला, फर्दापूरच्या जागी पाचोड केला. आकडे दाखवून झाले. डॉक्टरसाहेब गेले. चौथा शब्द तसाच राहिला.

चारच्या सुमाराला अण्णांना सरावाचा कचरा साफ करायची हुक्की आली. मी माझ्या टेबलावर होते, लसीच्या चिठ्ठ्यांचं पान तयार करत. पाठीमागून हाक आली.

"फर्दापूर!"

मी मान वर केली नाही. म्हणाले, "जा."

नंतर अण्णांनी कीबोर्ड फुंकला, घोंगडी झटकली आणि भावाकडे गावी जायला बस पकडली. जाताना म्हणाले, "उद्या दहापर्यंत येतो, बरं का."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजताच पाचोडहून आमच्या माणसाचा फोन आला. "ताई, पान तर उघडू राहिलं, पण एक बी कळप दिसंना. सगळं कोरं." मी स्वतः उघडून पाहिलं. कोरं होतं. इतकी वर्षं जमवलेली कळपांची यादी, एकही ओळ शिल्लक नाही.

डॉक्टरसाहेब आले. मी सांगितलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. "काल शेवटी कॉम्प्युटरवर कोण होतं?" मी म्हणाले, "मी होते." शेवटी कुलूप मीच लावलं होतं, ते खरंच होतं. "बघ तो काय तुमचा रोजनामा. कुणाचं नाव आहे ते मला पाहिजे," असं म्हणून ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

मी रोजनामा उघडला. बुधवार, चार वाजून सहा मिनिटं, पाचोड, सगळ्या ओळी पुसल्या. पुढे अण्णांचं नाव.

डॉक्टरसाहेबांना चष्म्याशिवाय ती बारीक अक्षरं दिसत नव्हती आणि चष्मा आत राहिला होता. मला ती हाक आठवली, आणि त्यावर मी दिलेलं उत्तर आठवलं. उठले असते तर पडद्यावर मोठ्या अक्षरात पाचोड लिहिलेलं होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं. पण रोजनाम्यात बटण दाबणाऱ्याचं नाव येतं, 'जा' म्हणणाऱ्याचं येत नाही. हे माझ्या लक्षात आलं आणि मला हायसं वाटलं. हायसं वाटलं याची लाज नंतर वाटली, आधी हायसंच वाटलं.

"सापडत नाहीये अजून," मी म्हणाले.

तेवढ्यात जिन्यावर अण्णा. हातात गावाकडून आणलेल्या वांग्यांची पिशवी. आमचे चेहरे बघून त्यांनी पिशवी दारातच ठेवली. काय झालं ते मी दोन वाक्यांत सांगितलं.

"नाव कुणाचं हाय?" त्यांनी विचारलं.

ते माझ्या खांद्यावरून वाकले, डोळे बारीक करून त्यांनी ओळ वाचली, पुन्हा एकदा वाचली. मग सरळ उभे राहिले आणि डॉक्टरसाहेबांना म्हणाले, "माझं हाय."

"काय?"

"माझं नाव हाय, साहेब. म्या पुसलं. चौथा शब्द बदलायचा राहिला."

डॉक्टरसाहेबांना ते आवडलं नाही. त्यांना दुसरं कुणीतरी चाललं असतं. ते म्हणाले, "हे बघा, बाहेर आपण मशीन बिघडलं असं सांगू. तुमच्यासारख्या माणसाचं नाव कशाला यायला पाहिजे?"

"मशीन चांगलंय, साहेब. मशीनला कामून बदनाम करायचं?" अण्णा म्हणाले आणि खुर्चीवर बसले. "आता आधी यादी उभी करू. मग मला काय बोलायचं ते बोला."

डॉक्टरसाहेब जाता जाता माझ्याकडे वळले. "नशीब समज. तुझं नाव निघालं असतं तर आज संध्याकाळीच गावाकडची बस दाखवली असती." अण्णांनी हे ऐकलं. त्यांना बुधवारी कोण "जा" म्हणालं होतं ते पक्कं माहीत होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. ते पडद्याकडे बघत राहिले.

रविवारी काढलेली यादीची प्रत जपून ठेवलेली होती. ती अण्णांनी तासाभरात परत चढवली. राहिल्या सोमवार-मंगळवार-बुधवारच्या नोंदी, आणि नेमकं त्याच तीन दिवसांत निम्म्या कळपांनी जागा बदलली होती. मग अण्णांनी फोन घेतला. एकेका मेंढपाळाला लावायचे, पहिल्यांदा आपलं नाव सांगायचे, दुसरं वाक्य म्हणायचे, "माझ्या हातून तुमची नोंद पुसली, परत सांगा." प्रत्येकाला हेच वाक्य. मी शेजारी बसून टाइप करत होते.

पलीकडून सगळं तोंडपाठ यायचं. "एकशे चाळीस. त्यातल्या अकरा गाभण. काल ओढ्याच्या वरल्या अंगाला उतरलो." एक म्हातारा म्हणाला, "पुसली तर पुसली. मेंढरं तर हायेत ना जाग्यावर?" अण्णा पहिल्यांदा हसले. एक बाई मात्र चिडली. "कारभारी रानात गेलेत. मला इचारता? मला काय मोजता येत नाय का?" असं म्हणून तिने नवऱ्यापेक्षा चोख हिशेब दिला, लंगड्या मेंढीसकट. गिरणी बंद व्हायच्या वेळेला यादी पुरी झाली. शनिवारी मंडळी ठरल्याप्रमाणे निघाली आणि एकही कळप सुटला नाही.

गुरुवारी, यादी पुरी झाली त्याच संध्याकाळी, अण्णांनी पाचोडमध्ये एक नवा तक्ता तयार केला. चार रकाने. तारीख, काम, करणारा, 'जा' म्हणणारा. यापुढे काहीही पुसायचं तर दोघांनी आपापल्या पासवर्डने नाव लिहायचं, त्याशिवाय स्क्रिप्ट पुढे सरकणार नाही. मग त्यांनी पहिली ओळ स्वतः भरली. बुधवारची तारीख. काम: कळपांची यादी पुसली. करणारा: त्यांचं स्वतःचं नाव. चौथा रकाना त्यांनी रिकामा ठेवला.

"हा तक्ता तपासायचं काम आजपासून तुझ्याकडं," ते म्हणाले. "रोज सकाळी उघडायचा. कुठं काही राहिलं का बघायचं."

एवढंच. आवाजात टोमणा नाही, डोळ्यात काही नाही. शपथ घेऊन सांगते, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

रोज सकाळी मी स्क्रिप्ट चालवायचे, ती चार उत्तरं देऊन सर्व्हरला जोडून घ्यायची आणि माझ्यासमोर एक ओळ आणून ठेवायची. त्यात एक रिकामी जागा. पहिल्या दिवशी मी स्वतःला समजावलं की माझं नाव लिहून कुणाचंच भलं होणार नाही. दुसऱ्या दिवशी समजावलं की पक्की झाले की लिहीन. तिसऱ्या दिवशी तक्त्यात दुसरी ओळ आली, साध्या दुरुस्तीची, तिच्यात दोन्ही नावं होती, आणि तिच्या डोक्यावरची पहिली ओळ आणखीच उघडी दिसायला लागली. अण्णा वागायला पहिल्यासारखेच होते. वांग्याचं भरीत आणायचे, माझ्या डब्यातली चटणी न विचारता घ्यायचे. डॉक्टरसाहेब मात्र त्यांच्याशी तुटक बोलायला लागले होते. लोकांसमोर म्हणायचे, "अण्णांना विचारून घ्या, पण एकदा तपासूनही घ्या." अण्णा मान हलवायचे आणि म्हणायचे, "बरोबर हाय." माझ्या वाट्याचं तेच ऐकून घेत होते.

सहावा महिना संपत आला. एका सकाळी डॉक्टरसाहेबांनी आतून आवाज दिला. "ये गं, तुझं पक्कं केल्याचं पत्र तयार आहे. सही करतो, घेऊन जा."

मी उठले. दारापर्यंत गेले. परत आले, खुर्चीवर बसले, आणि चौथ्या रकान्यात माझं नाव लिहिलं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, काहीही सोडलं नाही. मग आत गेले आणि सही व्हायच्या आधी सगळं सांगितलं. मी उठले नव्हते. बघितलं नव्हतं. बसल्या जागी 'जा' म्हणाले होते. आणि त्या सकाळी नाव सापडत नाही म्हणाले तेही खोटं होतं.

डॉक्टरसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "अण्णांना ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून."

"आणि हे आज का सांगतेस? अजून एक मिनिट थांबली असतीस तर सही झाली असती."

"म्हणूनच, साहेब."

त्यांनी पत्र फाडलं नाही, सहीही केली नाही. ते खणात ठेवलं आणि म्हणाले, अजून तीन महिने कच्ची. मग अण्णांना आत बोलावलं. दार लोटलेलं होतं. डॉक्टरसाहेब त्यांना काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण त्या दिवसानंतर "एकदा तपासूनही घ्या" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. संध्याकाळी मी घरी फोन करून सांगितलं, अजून तीन महिने लागतील. वडील म्हणाले, का? मी म्हटलं, चूक झाली होती माझी. ते म्हणाले, बरं.

अण्णांनी पूर्ण झालेली ओळ पाहिली. मला वाटलं काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "ही ओळ पुसायची नाय कधी. मी गेल्यावर बी." मला रडू आलं. मी रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि खाली जाऊन दोन चहा सांगून आले.

आता अण्णा गावी असतात, भावाच्या मेंढ्यांत. त्यांच्या खुर्चीवर मी बसते आणि नवीन माणसं घ्यायचं काम माझ्याकडे आहे. कॉलेजातून आलेली मुलं-मुली अजूनही रूट लिहून पासवर्ड रिकामा सोडतात. मी त्यांना आपापला युजर देते आणि पहिला अभ्यास एकच देते. पानाला सर्व्हरशी जोडा आणि त्या तक्त्यातली पहिली ओळ आणून दाखवा. कुणाला तास लागतो, कुणाला दोन दिवस. ज्या क्षणी जोडणी जमते त्या क्षणी सगळे हात वर करून ओरडतात, आलं, आलं. मग ओळ वाचतात, चौथ्या रकान्यापाशी येतात, आणि तिथेच अडखळून माझ्याकडे बघतात.

मी म्हणते, वाचा. मोठ्याने वाचा.